मागच्या दाराचा उकिरडा

कोळवण खोऱ्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की मुलीचा बाप आधी भिकू टेमघऱ्याच्या ओट्यावर येऊन बसायचा. भटजी नंतर आणि सोनार तर फारच नंतर. भिकू काही पुढारी नव्हता, श्रीमंतही नव्हता. थोडी भाताची खाचरं, दोन म्हशी आणि फटकळ तोंड, एवढीच त्याची इस्टेट. पण सोयरिकीआधी घर बघावं ते भिकूनंच, हे खोऱ्यात सगळ्यांना मान्य होतं. ज्यांच्याशी त्याचं बांधावरून वाकडं होतं, तेसुद्धा त्या दिवसापुरते गोड बोलून त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवत.

त्याची रीत ठरलेली होती. मुलाच्या घरी गेला की तो बैठकीत बसून चहा प्यायचा, दोन्हीकडच्यांचं ऐकून घ्यायचा आणि मध्येच करंगळी दाखवून उठायचा. मग घराला वळसा घालून मागच्या परड्यात जायचा आणि उकिरडा बघून यायचा. पुढचं अंगण पाहुणे यायचे म्हणून कुणीही सारवून ठेवतं, उकिरडा कुणी सजवत नाही. शेणाचा थर बघितला की गोठ्यात जनावरं किती ते कळतं. राख बघितली की चूल दोन्ही वेळ पेटते का ते कळतं. आणि बाटल्या दिसल्या तर बाकी काही बघायलाच नको. पौडकडच्या एका घरी गोठ्यात सहा बैल उभे होते आणि उकिरड्यात शेण होतं दोघांचं. भिकूनं परत येऊन सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाकीचे चार कुणाचे आनलेत?" ती सोयरीक तिथंच मोडली आणि भिकूची ख्याती भोरपर्यंत गेली.

परत निघाल्यावर तो एकच शब्द बोलायचा, व्हय किंवा न्हाई. कारण विचारलं तर सांगायचा, पण शब्द कधी फिरवला नव्हता. त्याची बायको धोंडाबाई म्हणायची, "शब्द फिरवायला अक्कल लागती, ती ह्यांच्याकडं कुटं हाय." भिकू हे ऐकून हसायचा, कारण बाहेर त्याच्या अकलेचा डंका वाजतच होता.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मात्र गाठ घरच्याच मुलीशी पडली. त्याची नात स्नेहल पिरंगुटला शाळेत शिकवत होती. आधीची दोन स्थळं तिनं नाक मुरडून परत पाठवली होती. तिसरं स्थळ आणलं तिच्या बापानं, किशोरनं. किशोर रोज सकाळी बावधनला दुधाचा रतीब घालायचा. तिथल्या एका सोसायटीत विठ्ठलराव निकम म्हणून टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहत होते. मूळचे तासगावकडचे, पण पुण्याला येऊन वीस वर्षं झालेले. त्यांचा मुलगा शैलेश इंजिनियर होता, तारापूरच्या अणुवीज केंद्रात. आता रत्नागिरीकडे समुद्राकाठी नवा, मोठा अणुप्रकल्प होणार असं पेपरात रोज येत होतं, आणि शैलेशची बदली पुढेमागे तिकडे होईल असं निकमांच्या घरात बोललं जात होतं.

शैलेश आईवडिलांबरोबर कोळवणला येऊन मुलगी बघून गेला. पाहुणे गेल्यावर स्नेहलनं आईला फक्त एवढंच विचारलं, की तारापूरच्या कॉलनीत शाळा असेल ना. घरातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि जे समजायचं ते समजल्या.

भिकूही समजला. म्हणूनच तो घाबरला.

अणू म्हटलं की धोंडाबाईच्या डोळ्यांसमोर बॉम्ब यायचा. अठ्ठ्याण्णव साली पोखरणला स्फोट झाले तेव्हा गावात पेढे वाटले होते आणि तिनंही एक खाल्ला होता, तो आता तिच्या घशाशी येत होता. "पोरीची पोरं धड निपजतील का?" एवढंच ती दिवसभर विचारत राहायची. भिकूची भीती वेगळी होती. त्याचा बाप मुळशीच्या धरणात बुडालेल्या एका गावचा. बाप लहानपणी चुलत्याच्या खांद्यावर बसून कोळवणला आला आणि इथलाच झाला. ते पाणी डोंगरातून खाली कोकणात सोडून त्यावर वीज केली, आणि ती वीज गेली मुंबईला. बापानं म्हातारपणापर्यंत अंधार पडला की एक वाक्य बोलायचं सोडलं नव्हतं, "आमच्या चुलीवर तिकडं दिवं लागल्यात." कोळवणला वीज आली तीच मुळात उशिरा, आणि आता तर दिवसाचे निम्मे तास लोडशेडिंग असायचं. मोटार चालू करायला माणसं विजेच्या वेळा पाठ करून बसत.

आणि आता कोकणातली माणसं जमिनी देत नाहीत, मोजणीवाल्यांना गावात येऊ देत नाहीत, असं पेपरात यायचं. स्नेहल ते मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मध्येच थांबायची. भिकूला वाटायचं, ही माणसं आपली आहेत, आणि आपली नात आपण पलीकडच्या पंक्तीला नेऊन बसवतोय. हे तो घरात कुणाला बोलला नाही. घर बघू, मग ठरवू, असं म्हणून त्यानं दिवस ढकलले.

अखेर एका रविवारी किशोरनं त्याला बावधनला नेलं. निकमांचं घर तळमजल्यावर होतं. विठ्ठलरावांनी आगतस्वागत केलं, त्यांच्या पत्नी आशालताबाईंनी पोहे आणले. शैलेश तारापूरला होता. बोलणं छान चाललं होतं. मग भिकूनं करंगळी दाखवली.

"या ना, आतच आहे," विठ्ठलरावांनी बाथरूमचं दार उघडून दिवा लावला.

"न्हाई. मला मोकळ्यावर लागतं," भिकू म्हणाला. किशोर खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागला.

भिकू पुढच्या दारानं बाहेर पडला आणि इमारतीला वळसा घालून मागे गेला. निकमांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आणि त्याच्यासमोर, चार पावलांवर, कंपाउंडच्या कोपऱ्यात, उकिरडा. भिकू तिथं उभाच राहिला. आयुष्यात एका घराचा एवढा उकिरडा त्यानं बघितला नव्हता. अख्ख्या पोळ्या, गाठ न सोडलेली कोथिंबिरीची जुडी, भाताचे गोळे, दुधाच्या पिशव्यांचा ढीग, बरा दिसणारा टेबलफॅन. शेणाचा पत्ता नाही आणि राखेचाही नाही. तीन माणसांचं घर आणि हा पसारा. दोन घास खाणारं आणि चार घास टाकणारं घर, असं त्याचं मत तिथल्या तिथं झालं.

गाडीवर बसल्यावर किशोरनं विचारलं, "काय वाटतं आबा?"

"न्हाई," भिकू म्हणाला.

चांदणी चौकाचा चढ सरल्यावर किशोरनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "का?"

"अन्न टाकणारं घर हाय. पोरगी द्यायची न्हाई."

खरं सांगायचं तर भिकूला आतून सुटल्यासारखं झालं होतं. अणू, समुद्र, कोकणातली माणसं, ह्या सगळ्या न समजणाऱ्या गोष्टींवर बोलायची वेळच आली नव्हती. उकिरड्यानं परस्पर निकाल दिला होता, आणि उकिरडा तर त्याला कळत होता. घरी आल्यावर धोंडाबाईनं देवापुढे साखर ठेवली. स्नेहलनं ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

आता हे निकमांना कसं सांगायचं? तुमचा उकिरडा पसंत पडला नाही, असं रतीबाच्या गिऱ्हाईकाला कोण सांगणार? किशोरनं दुसऱ्या दिवशी दूध मोजता मोजता सांगून टाकलं, की पत्रिका जुळत नाही. आशालताबाई भांडं हातात धरून म्हणाल्या, "पत्रिका? आम्ही तर पत्रिका दिलीच नव्हती." किशोर उरलेला रतीब कसाबसा घालून घरी आला आणि बापावर पहिल्यांदा ओरडला.

त्याच आठवड्यात, दुपारी, कोळवणच्या फाट्यावर एसटीतून शैलेश उतरला. एकटाच. तारापूरहून सुट्टी काढून आला होता. भिकू ओट्यावर बसून दोर वळत होता. स्नेहल आणि किशोर घरी नव्हते. धोंडाबाईनं पाणी आणून दिलं आणि दाराआड उभी राहिली.

"आबा, पत्रिकेचं कारण नाही हे मला माहीत आहे," शैलेश म्हणाला. "नाही म्हणायचा तुमचा हक्क आहे. पण खरं कारण कळलं तर बरं वाटेल. माझ्या नोकरीमुळं असेल तर तसं सांगा."

भिकूला हा सरळपणा आवडला आणि त्याचा रागही आला. "पाव्हणं, नोकरीपर्यंत मी पोचलोच न्हाई. तुमचा उकिरडा बघितला मी. तीन माणसं आन् येवढं अन्न टाकता?"

शैलेशला आधी काही कळेना. मग कळलं. त्याला हसू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. "आबा, तो आमचा एकट्याचा नाही. सगळ्या सोसायटीचा आहे. अठ्ठेचाळीस घरांचा."

"मंग तुमच्या मागल्या दारात का? आमच्याकडं दुसऱ्याच्या परड्यात कुणी केर टाकला तर कोयते निघत्यात."

"कचऱ्याचा ट्रॅक्टर दोन दिवसांनी येतो. तोवर कचरा कुठंतरी ठेवावा लागतो. मीटिंगमध्ये प्रत्येक जण म्हणाला, आमच्या खिडकीखाली नको. दोन तास भांडण झालं. शेवटी बाबा म्हणाले, ठेवा आमच्या मागं, कुठंतरी ठेवायलाच हवा ना." शैलेश थांबला. "आई अजून त्यांच्याशी त्या विषयावर नीट बोलत नाही. स्वयंपाकघराची खिडकी बंदच असते आमची."

भिकूच्या हातातला दोर तसाच राहिला. मुलखात त्यानं शेकड्यानं उकिरडे बघितले होते, पण दुसऱ्यांची घाण आपल्या दारात ठेवून घेणारं घर त्याला एकदाही भेटलं नव्हतं. आणि जे भेटलं, त्याला तो न्हाई म्हणून आला होता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दाराआडून धोंडाबाईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

पण भिकू एवढ्यावर विरघळणारा नव्हता. लाज वाटली की तो उलट जास्तच चिवट व्हायचा. त्यानं दोर खाली ठेवला.

"आता तुज्या कारखान्याचं सांग. त्येचा उकिरडा कुटं असतो?"

तुमी जाऊन तू आलं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शैलेशनं सांगितलं, आणि सांगताना त्यानं घाई केली नाही. हातमोजे, फडकी, असला हलका कचरा केंद्राच्या आवारातच, काँक्रीटच्या चरांत पुरतात. जळून गेलेलं इंधन सगळ्यात वाईट, ते आधी वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. मग त्यातलं कामाचं काढून घेतात, आणि उरतं ते काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून, राखणीत ठेवतात. आकारानं थोडं असतं, पण त्याचा धोका हजारो वर्षं जात नाही.

"आन् शेवटी कुटं टाकणार?"

"खोल खडकात पुरायचं म्हणतात. जागा अजून ठरलेली नाही."

"म्हंजी कुणाच्या तरी गावात."

"हो. कुणाच्या तरी गावात."

"त्या गावाला इचारणार का?"

"विचारलं पाहिजे असं माझं मत आहे," शैलेश म्हणाला. "पण आबा, माझं मत कुणी विचारत नाही. मी पंप सांभाळतो."

भिकू त्याच्याकडे बघत राहिला. ह्या पोरानं आत्ता काहीही सांगितलं असतं तरी त्याला कुठं कळणार होतं? जागा ठरलीय म्हणाला असता, धोका नाही म्हणाला असता, तरी ते खपून गेलं असतं.

"येवढं हाय तर करता कशाला ही वीज?"

"तुमच्याकडं आत्ता लाइट आहे?"

"न्हाई. संध्याकाळी येती."

"म्हणून. लोकांना वीज लागतेच. ती आज येते बहुतेक कोळशाची. कोळशाची राख डोंगराएवढी साठते, पण ती निदान दिसते. धूर मात्र आभाळात जातो आणि तिथंच राहतो. त्या उकिरड्याला कुणाचं परडं नाही, म्हणून कुणी भांडत नाही. हवा तापतेय, पाऊस इकडंतिकडं होतोय, ते त्यानंच. आमच्याकडं धूर नाही. जो कचरा आहे तो मोजून, डब्यात भरून, राखण करून ठेवावा लागतो. मला ते त्यातल्या त्यात बरं वाटतं. अगदी चांगलं आहे असं नाही म्हणत मी."

"आन् पाण्याच्या विजेचं?" भिकूनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "धूर न्हाई, राख न्हाई. सायेब लोक म्हणायचे, ह्या विजेला उकिरडाच न्हाई. माजा बाप त्या धरणातला. त्या विजेचा उकिरडा आमी. हितनं उचललं आन् तितं टाकलं."

शैलेशनं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाला, "कोकणात मी दोनदा जाऊन आलो, साहेबांबरोबर. एका आजोबांच्या अंगणात थांबलो होतो. त्यांनी गूळ-पाणी दिलं, पण एक शब्द बोलले नाहीत आमच्याशी."

"प्यालास?"

"प्यालो. गूळ तोंडात टाकायची लाज वाटली."

भिकूनं मान हलवली. हे त्याला कारखान्याच्या सगळ्या हकिगतीपेक्षा जास्त समजलं. आता दारात धोंडाबाई पुढे आली. इतका वेळ दाबून धरलेलं तिनं विचारूनच टाकलं, "बाबा, तिथल्या बायकांची पोरंबाळं कशी हायेत?"

"आमच्या कॉलनीत या आजी, स्वतः बघा. खिडक्यांच्या काचा फोडतात रोज. आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो, अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं. जास्त झालं की आत सोडत नाहीत."

"काचा फोडत्यात म्हंजी धड हायेत," धोंडाबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तिचं तेवढ्यात भागलं.

चार वाजताच्या एसटीला शैलेशला सोडायला भिकू फाट्यापर्यंत चालत गेला. हे त्यानं कुणासाठी केलं नव्हतं. गाडी येताना दिसल्यावर म्हणाला, "तुज्या कारखान्याचं मला पटलं न्हाई अजून. त्या म्हाताऱ्याच्या जागी मी असतो तर मी पाणीबी दिलं नसतं. पण तुज्या बापाला सांग, मी पुन्हा येतुया. आन् ह्या वेळी पुढल्या दारानंच येतो."

शैलेश वाकून त्याच्या पाया पडला. चटकन चढून गेला, बहुधा डोळे दिसू नयेत म्हणून.

परत येताना भिकूला रस्ता हलका वाटला. भाताच्या खाचरांत रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून ठेवले होते, जमीन काळी पडली होती, पोरं गोट्या खेळत होती. त्यातला एक जण ओरडला, "आबा, कुणाची सोयरीक मोडून आलात?" भिकू त्याच्यावर खेकसलासुद्धा नाही. शब्द फिरवायचा होता, साऱ्या खोऱ्यात हसं होणार होतं, आणि तरी त्याला बरं वाटत होतं. चुकीचा शब्द दिलाय हे वेळेत कळलं. आणखी महिनाभरानं कळलं असतं तर निकमांनी दुसरी मुलगी बघितली असती.

स्नेहल शाळेतून आली होती. ओट्याच्या कडेला बसून तांदूळ निवडत होती. आजीनं तिला सगळं सांगितलं असणार, पण तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. भिकू तिच्यासमोर बसला.

"माजं चुकलं," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून ह्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. चुलीपाशी धोंडाबाईच्या हातातली पळी थांबली. "घर चांगलं हाय. पोरगाबी चांगला हाय. मी व्हय म्हणतुया."

स्नेहलनं मान खाली घातली आणि तांदळातून बोटं फिरवत राहिली. मग हलकेच म्हणाली, "बरं आबा."

त्या दिवशी न्हाई ऐकल्यावरसुद्धा ती असंच बरं म्हणाली होती. तोच आवाज, तोच शब्द. भिकूला ते खटकलं.

"येक इचारतो. आज त्यो आला नसता, मी न्हाईच म्हणत राह्यलो असतो, तर तू काय केलं असतंस?"

"काय करणार? न्हाई म्हंजी न्हाई. तुमच्या शब्दापुढं कोण गेलंय आजवर?"

"मंग तुला त्यो आवडला नव्हता?"

स्नेहलनं वर बघितलं. डोळे भरून वाहत होते आणि ती हसतही होती.

"लई आवडला होता," ती म्हणाली.

भिकूला एकदम आठवलं, आजवर शेकडो घरं बघून आपण शब्द टाकला, आणि जिच्यासाठी बघितली त्या मुलीला हे विचारायला एकदाही थांबलो नाही. त्यानं नातीच्या सुपात हात घातले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागला.